स्कोशियाचा दोष हवेवर कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅलिफोर्नियातील स्कोशिया या गावावर आलेला लेख वाचला. लाकूड कंपनीने वसवलेले गाव, कंपनीने डोंगर बोडके केले, त्यामुळे हवामान फिरले, धुके आटले, महापूर आले आणि शेवटी गावच विकायला निघाले, असा त्याचा एकूण सूर आहे. लेख रंगला आहे यात शंका नाही. पण त्यात जे कारण म्हणून सांगितले आहे ते बहुतेक ठिकाणी कारण नाहीच, आणि जे खरे कारण आहे त्यावर एक ओळही नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी करताना नदीच्या पातळ्या नोंदवण्यात आणि त्या वर कळवण्यात माझे आयुष्य गेले. असा लेख मुकाट्याने घडी करून ठेवणे मला जमले नाही.

मी सांगलीचा. लेक आणि जावई स्कोशियापासून साधारण पंधरा किलोमीटरवर फोर्च्युना या गावात राहतात. त्यामुळे गेली काही वर्षे आमचा दोघांचा तिकडे मुक्काम असतो, बहुतेक उन्हाळ्यात आणि क्वचित हिवाळ्यातही. हौसेने पाहावे असे स्कोशियात फार काही नाही. ईल नदीच्या वळणावर वसलेली आठशे-साडेआठशे वस्ती, एका ठशाची पावणेतीनशेच्या आसपास लाकडी घरे, १९२० मधले 'विनेमा' नावाचे लाकडी थिएटर, आणि एक जुनी बँक. त्या बँकेचे खांब म्हणजे सालीसकट उभे केलेले रेडवुडचे (तिकडच्या उंच सूचिपर्णी झाडाचे) आख्खे ओंडके. ग्रीक मंदिराचा थाट लाकडात आणला आहे. तिथे आता संग्रहालय आहे. नदीच्या अंगाला अजूनही एक सॉ मिल चालते आणि तिच्या भुशावर वीज तयार होते. एके काळी घरे, दुकाने, हॉस्पिटल, पाणी, वीज, सगळे पॅसिफिक लंबर कंपनीचे होते. भाडे कमी, नोकरी पिढीजात. सोलापूरच्या गिरण्यांच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा कारभार वेगळा समजावून सांगायला नको.

आता हवामान. कॅलिफोर्निया म्हटले की आपल्याकडे ऊन, संत्री आणि समुद्रकिनारे डोळ्यांसमोर येतात. तो कॅलिफोर्निया हजारभर किलोमीटर दक्षिणेला राहिला. इथे जुलैत सकाळी स्वेटर घालूनच बाहेर पडावे लागते. युरेका हे जिल्ह्याचे ठिकाण अगदी समुद्रावर आहे आणि तिथे जुलैतले दुपारचे सरासरी तापमान १७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथून पंचेचाळीस किलोमीटर आत स्कोशियाला ते २२ अंशांपर्यंत जाते. त्याच रस्त्याने आणखी साठ किलोमीटर दक्षिणेला गार्बरव्हिलला गेलात की ३० अंश. शंभर किलोमीटरच्या रस्त्यात तेरा अंशांचा फरक, आणि तोही घाट न चढता! आमच्या सौ. पिशवीत शाल आणि पंखा दोन्ही घेऊन निघतात, आणि दोन्ही लागतात.

याचे कारण जंगल नव्हे, समुद्र आहे. उन्हाळ्यात उत्तर पॅसिफिकवर हवेचा उच्च दाब ठाण मांडून बसतो. त्यामुळे किनाऱ्याला समांतर वायव्येचा वारा वाहतो, तो पृष्ठभागाचे पाणी बाहेर ढकलतो आणि खालचे गारठलेले पाणी वर येते. भर उन्हाळ्यात समुद्राचे पाणी १०-१२ अंश. त्यावरून येणारी दमट हवा थंड होऊन धुके बनते. वर गरम हवेचे झाकण असल्याने ते उंच जाऊ शकत नाही आणि नदीच्या खोऱ्यातून आत शिरते. ईलचे खोरे समुद्राकडे उघडे आहे, म्हणून धुके स्कोशियापर्यंत येते. गार्बरव्हिलच्या अलीकडे डोंगर त्याला अडवतात. अकरा-बाराच्या सुमारास ते विरते, दुपारी नदीवरून वर जाणारा गार वारा सुटतो, आणि रात्री पुन्हा धुके. यात कंपनीच्या करवतीचा संबंध कुठे आला?

लेखात म्हटले आहे की तोडीमुळे धुके कमी झाले. धुके कमी झाले हे खरे आहे. बर्कलेच्या विद्यापीठातील जॉनस्टोन आणि डॉसन या संशोधकांनी २०१० मध्ये जुन्या नोंदी तपासून दाखवले की विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तुलनेत या किनाऱ्यावरचे उन्हाळी धुके सुमारे ३३ टक्क्यांनी घटले आहे. पण त्यांनी त्याचा संबंध किनारा आणि आतला प्रदेश यांच्या तापमानातला फरक कमी होण्याशी जोडला आहे, झाडांच्या संख्येशी नाही. म्हणजे इथे खरोखर हवामानाचाच प्रश्न आहे, आणि नेमका इथे लेखकाने कंपनीला धरले. पुढे जिथे कंपनीला धरायला हवे होते तिथे हवामानाला धरले.

झाडे आणि धुके यांचा संबंध आहे, पण तो उलट दिशेचा. रेडवुड धुके आणत नाही, आलेले धुके ओरबाडून घेते. उंच शेंड्यांवरच्या बारीक पानांना धुक्याचे थेंब लागतात, ते एकत्र होऊन खाली टपकतात. कोरड्या ठणठणीत जुलैत या झाडांखाली उभे राहिले तर टोपी भिजते आणि दहा पावलांवरची मोकळी वाट कोरडी असते. माझ्यासारख्याला यात एक खास गंमत वाटली. पर्जन्यमापक नेहमी मोकळ्यावर लावायचा, झाडाखाली नाही, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. त्या नियमाने मोजले तर हे पाणी कोणत्याच वहीत चढत नाही. डॉसन यांनीच १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत जंगलात वर्षभरात येणाऱ्या पाण्यापैकी सरासरी ३४ टक्के पाणी असे धुक्यातून झाडांनी गाळलेले निघाले. जिथे झाडे नव्हती तिथे धुक्याचा वाटा १७ टक्के. तोडीचा हिशेब मांडायचा तर असा मांडावा. धुके तेवढेच आले तरी ते धरणारे हात कमी झाले.

पावसाचेही तसेच. स्कोशियाला वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकून कोणाला विशेष वाटणार नाही, आपल्या घाटमाथ्यावर एवढा आठवड्यात कोसळलेला आम्ही पाहिला आहे. पण इथला पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ थेंबही नाही. आपल्या पंचांगाच्या बरोबर उलटे. त्यामुळे ईल नदीही दोन रूपांची आहे. सप्टेंबरात कधी कधी शंभर क्युसेकच्याही खाली जाते, पोरे चप्पल हातात घेऊन पलीकडे जातात. आणि हिवाळ्यात पॅसिफिकवरून बाष्पाचे लोट एकामागून एक येऊ लागले की तिचा नूर पाहावत नाही.

स्कोशियाला १९१० पासून सरितामापन केंद्र आहे. त्याच्या नोंदी अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्या पाहताना २३ डिसेंबर १९६४ या तारखेवर माझी नजर थांबली ती थांबलीच. प्रवाह ७ लाख ५२ हजार क्युसेक, पातळी ७२ फूट. सांगलीच्या वाचकांना ऑगस्ट २०१९ वेगळा सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि अलमट्टीतून पाच लाख क्युसेकचा विसर्ग चालू आहे ही बातमी आपण तासातासाला ऐकत होतो. अलमट्टीच्या वरचे पाणलोट क्षेत्र ईलच्या स्कोशियापर्यंतच्या क्षेत्राच्या चौपटीच्या आसपास आहे. ईलचे तिथपर्यंतचे सारे क्षेत्र मिळून ८ हजार चौरस किलोमीटर. तेवढ्यातून साडेसात लाख क्युसेक! आणि यात धरणाचे दरवाजे कोणी केव्हा उघडले हा वादही नाही. वरच्या टोकाला दोन लहान धरणे आहेत, त्यांचा या पुराशी उल्लेखापुरताही संबंध नाही. आधी थंडीत डोंगरांवर बर्फ साचला, मग हवाई बेटांच्या बाजूने उबदार पाऊस आला आणि बर्फासकट उतरला. पेपरवुड, वीऑट, मायर्स फ्लॅट ही गावे धुऊन गेली. स्कोशियाच्या गिरणीचे ओंडके समुद्राच्या वाटेला लागले. वीऑटजवळ रस्त्याकडेला एका खांबावर त्या वेळच्या पाण्याची खूण आहे, रस्त्यापासून तीस फुटांहून उंच. मान वर करून बघावी लागते.

हा पूर कंपनीने आणला नाही. आपल्या लेखात मात्र ताळेबंदातल्या नोंदीसारखा तो कंपनीच्या नावे टाकला आहे. त्या काळी पॅसिफिक लंबर ही उलट सावकाश तोडणारी कंपनी म्हणून ओळखली जात होती. मर्फी घराण्याकडे कारभार होता, १९३० च्या दशकापासून निवडक झाडे तोडून बाकीची राखायची पद्धत होती, आणि म्हणूनच ऐंशीच्या दशकात जुन्या रेडवुडचा सर्वांत मोठा खासगी साठा याच कंपनीकडे शिल्लक होता. त्याच गुणाने पुढे तिचा घात केला, ते सांगतो. पण आधी नदी संपवू.

पूर आभाळातून येतो, पण पुरात काय वाहून येणार हे डोंगरावर ठरते. स्कोशियाच्या वरच्या अंगाला बुल क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या खालच्या सपाटीवरचे शेकडो वर्षांचे रेडवुड 'सेव्ह द रेडवुड्स लीग'ने पैसे उभे करून वाचवले, ते आता सरकारी उद्यानात आहेत. वरचे उतार मात्र खासगी मालकीचे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते उतार (पॅसिफिक लंबरने नव्हे) बेदरकारपणे तोडले गेले. ओंडके ओढायला यंत्रांच्या वाटा पाडल्या. १९५५ च्या पुरात त्या उतारांवरचा दगडगोटा ओढ्यात उतरला, पात्र वर आले, काठ खचले आणि खाली जपून ठेवलेली शेकडो महाकाय झाडे मुळासकट आडवी झाली. मग सरकारला वरचे खोरेही विकत घ्यावे लागले. दरवाजाला कुलूप लावून छप्पर शेजाऱ्याच्या नावावर ठेवण्यातला प्रकार. १९५५ चा पाऊस कोणाच्या हातात नव्हता, दगडगोटा मात्र माणसाच्या हातात होता. हा फरक लेखात कुठेच नाही.

तरी कंपन्यांवर सगळा गाळ लोटणेही बरोबर नाही, हे मी मुद्दाम लिहितो. इथले खडक मुळातच चुरलेले आहेत. किनाऱ्यालगत तीन भूपट्ट एकमेकांना भिडतात, डोंगर अजून उचलले जात आहेत, आणि माणसाने कुऱ्हाड लावण्याआधीही ईल गढूळच वाहत असणार. दर चौरस किलोमीटरमागे वाहणाऱ्या गाळात ती अमेरिकेच्या नद्यांमध्ये वरच्या क्रमांकावर आहे. तिच्या घळईतून १९१४ मध्ये रेल्वे नेली, दरडींनी तिला कधी सुखाने चालू दिले नाही, आणि १९९८ मध्ये ती बंद पडली ती पडलीच. स्कोशियाजवळच्या पांढऱ्या कड्यांखाली ते रूळ अजून दिसतात. भूकंप तर पाचवीला पुजलेले. एप्रिल १९९२ मध्ये ७.२ चा धक्का बसला आणि नंतरच्या धक्क्यांत आग लागून स्कोशियाचा बाजार जळाला. डिसेंबर २०२२ मध्ये ६.४ च्या धक्क्याने नदीपलीकडच्या रिओ डेल गावाची दैना झाली. अशा ठिसूळ उतारावर सरसकट तोड करणे म्हणजे काय, हे समजायला अभियंता असावे लागत नाही.

आणि ती सरसकट तोड आली ती हवामानातून नव्हे, शेअर बाजारातून. लेखात नसलेली ओळ ही. १९८५-८६ मध्ये टेक्सासच्या चार्ल्स हर्विट्झ यांच्या मॅक्सॅम कंपनीने पॅसिफिक लंबर ताब्यात घेतली. पैसा स्वतःचा नव्हता. ड्रेक्सेल बर्नहॅम या न्यूयॉर्कच्या पेढीने काढलेल्या, मोठे व्याज देणाऱ्या कर्जरोख्यांवर हा सौदा झाला. व्याज फेडायला तोड जवळपास दुप्पट करण्यात आली. ज्या कंपनीने पन्नास वर्षे झाडे राखली, तिची झाडे राखलेली होती म्हणूनच ती गिऱ्हाइकाला स्वस्त वाटली. कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा निधी मोडून तो एका विमा कंपनीकडे वळवला, आणि ती विमा कंपनी १९९१ मध्ये बुडाली. पेन्शनवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना जे वाटले ते पत्रात छापण्याजोगे नाही.

याचा उतारावर परिणाम काय झाला? स्कोशियाच्या दक्षिणेला लागूनच स्टॅफर्ड नावाची वाडी आहे. १९९६ संपून १९९७ उजाडताना वरच्या तोडलेल्या डोंगरावरून चिखल आणि झाडांचे बुंधे खाली आले आणि सात घरे गेली. पाऊस त्या रात्री जोराचा होताच, शेजारच्या टेकड्यांवरही तोच पडला. रहिवाशांनी कंपनीवर दावा लावला, पुढे तडजोड झाली. त्याच स्टॅफर्डच्या वरच्या डोंगरावर डिसेंबर १९९७ मध्ये ज्युलिया बटरफ्लाय हिल ही तरुणी एका जुन्या रेडवुडवर चढून बसली आणि ते झाड न तोडण्याचा करार झाल्यावर, ७३८ दिवसांनी खाली उतरली. लेखात तिच्यावर अर्धा रकाना आहे, स्टॅफर्डच्या सात घरांवर एक शब्द नाही. झाडावर बसलेल्या मुलीचे छायाचित्र चांगले येते, चिखलाचे येत नाही, हे मी समजू शकतो.

मार्च १९९९ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारने मिळून ३८ कोटी डॉलर मोजून हेडवॉटर्स नावाचे सुमारे साडेसात हजार एकर जंगल कंपनीकडून विकत घेतले. तरी कर्ज काही फिटले नाही. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २००८ मध्ये जंगल आणि गिरणी मेंडोसिनो रेडवुड कंपनीच्या लोकांकडे गेली, आता ती हम्बोल्ट रेडवुड या नावाने चालते आणि सरसकट तोड थांबवली आहे. गाव मात्र कर्ज देणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक कंपनीच्या पदरात पडले. न्यूयॉर्कवाल्यांना गाव सांभाळायची हौस कशाला असेल? मग मोजणी, प्लॉट, प्रत्येक घराला वेगळा नळ आणि वेगळे मीटर, सांडपाण्याची व्यवस्था, स्थानिक सेवा मंडळ, असे करत करत घरे एकेक करून विकायला निघाली. भाडेकरूंपैकी ज्यांना जमले त्यांनी आपले राहते घर घेतले. 'हवामानाने उजाड केलेले गाव' हे आपल्या मथळ्यातले वर्णन वाचून जावयाने विचारले, "बाबा, मग मी काल तिथे कुणाशी बोलत होतो?"

हवामानबदल खोटा आहे असे मी म्हणतो आहे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. तो इथे आहे, आणि गाठायचाच तर योग्य ठिकाणी गाठता येतो. धुक्याची घट वर सांगितलीच. २०२० च्या ऑगस्टमध्ये ईलच्या उगमाकडच्या डोंगरांत विजांनी लागलेला वणवा एकत्र होऊन दहा लाख एकरांहून अधिक जंगल जाळून गेला. कॅलिफोर्नियाच्या नोंदीतला तो सर्वांत मोठा वणवा. धुक्याच्या पट्ट्यातले स्कोशिया वाचले, पण तो जळालेला उतार आता हिवाळ्यात काय खाली पाठवतो याकडे नदीकाठचे लोक डोळे लावून असतात. किनाऱ्यावरचे धुके आणखी घटले तर रेडवुडच्या रोपांना कोरड्या महिन्यांत पाणी कुठून मिळणार, हाही खरा प्रश्न आहे. यावर एक वेगळा लेख होईल. मात्र स्टॅफर्डची दरड, पेन्शनचा बुडालेला निधी आणि गावाची विक्री या गोष्टी त्यात घुसडू नयेत. त्या हवेने केलेल्या नाहीत. त्यांवर सह्या आहेत, तारखा आहेत, आणि त्या न्यायालयाच्या दप्तरात सापडतात.

हे मी एवढ्या तावातावाने लिहितो त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडेही कुठे दरड कोसळली, कुठे नदी गावात शिरली की दुसऱ्या दिवशी 'ढगफुटी' आणि 'हवामानबदल' हे दोन शब्द छापून येतात आणि उताराला कोणी कापले, पूररेषेत परवानगी कोणी दिली, हे विचारायचे राहून जाते. नोकरीत असताना असे अहवाल मीही टंकलिखित करून वर पाठवलेले पाहिले आहेत.

शेवटी छायाचित्राबद्दल. लेखासोबत छापलेले, ज्याच्या बुंध्यातून मोटार जाताना दिसते, ते झाड स्कोशियाचे नाही, किनाऱ्यावरचे रेडवुडही नाही. जाड, तांबूस सालीचा तो सिक्वोया. तो पूर्वेकडच्या सिएरा नेवाडा पर्वतात दीड-दोन हजार मीटरवर वाढतो, आणि त्याचे पाणी प्रामुख्याने बर्फाचे असते. किनाऱ्याचा रेडवुड उंचीत त्याच्या पुढे जातो (सर्वांत उंच ११५ मीटरच्या वर), पण घेरात त्याला हार मानतो. दोन्ही झाडे एका कुळातली असली तरी हवामान वेगवेगळे मागतात, आणि आपला लेख तर हवामानावरच होता. तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. स्कोशियाची छायाचित्रे हवी असल्यास लेकीकडून मागवून पाठवतो. मानधन नको.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता, सांगली
(सध्या मुक्काम फोर्च्युना, कॅलिफोर्निया)